आकडा आणि अट : एका छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा अभ्यास

मोटारीच्या इंजिनाविषयी मराठीत जो मजकूर वाचायला मिळतो तो बहुधा दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार नव्या गाडीच्या ओळखीचा. त्यात घनक्षमता, अश्वशक्ती, टॉर्क असे आकडे एकापुढे एक मांडलेले असतात. दुसरा प्रकार तक्रारीचा. ‘इंजिन सीज झाले’, ‘हेड गेले’, ‘टर्बो गेला’ ही त्यातली ठरलेली वाक्ये. पहिल्या मजकुरातल्या आकड्यांचा दुसऱ्या मजकुरातल्या बिघाडांशी काय संबंध, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. खरे तर इंजिनाचे बरेचसे बिघाड त्याच्या तपशीलपत्रकातच दडलेले असतात. प्रत्येक आकड्यामागे अभियंत्याने घेतलेला एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयाला देखभालीची एक अट जोडलेली असते. आकडा आणि अट एकत्र कसे वाचावेत, हे प्रस्तुत पाठात एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण म्हणून फोर्ड कंपनीचे १.० लिटर इकोबूस्ट इंजिन घेतले आहे. इंग्लंडमधील डंटन येथील केंद्रात ते विकसित झाले आणि २०१२ मध्ये युरोपात फोकस गाडीतून बाजारात आले. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा सन्मान त्याला मिळाला. भारतात ते २०१३ पासून इकोस्पोर्ट गाडीत आले. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० घन सेंटीमीटरपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर आपल्याकडे कर कमी लागतो. त्या चौकटीत हे इंजिन बसत होते. इतके नावाजलेले इंजिन पुढे तक्रारींसाठीही तितकेच ओळखले जाऊ लागले, म्हणून अभ्यासाला ते सोयीचे आहे.

१. तपशील

सिलिंडर : ३, एका ओळीत
सिलिंडरचा व्यास : ७१.९ मिलिमीटर
दट्ट्याचा पल्ला : ८२ मिलिमीटर
घनक्षमता : सुमारे ९९९ घन सेंटीमीटर
संपीडन गुणोत्तर : १० : १
शक्ती : १२५ पीएस, मिनिटाला ६००० फेऱ्यांवर
टॉर्क : १७० न्यूटन मीटर, मिनिटाला १४०० ते ४५०० फेऱ्यांच्या दरम्यान
इंधनपुरवठा : थेट सिलिंडरमध्ये
हवापुरवठा : टर्बोचार्जरद्वारे

यातला टॉर्कचा आकडा नीट पाहावा. टर्बो नसलेले एक लिटरचे इंजिन साधारण ९० ते १०० न्यूटन मीटर टॉर्क देते, तोही एका ठरावीक वेगाच्या आसपास. येथे १७० न्यूटन मीटर मिळतात आणि १४०० फेऱ्यांपासूनच मिळतात. हा फरक टर्बोचार्जरमुळे पडतो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक छोटे चाक फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा जास्त, म्हणून जाळता येणारे इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. कंपनीच्या माहितीप्रमाणे हे चाक मिनिटाला २,४८,००० फेऱ्यांपर्यंत फिरते, म्हणजे सेकंदाला चार हजारांहून अधिक. एवढ्या वेगाने फिरणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर क्षणभर तुटला तरी धातूवर धातू घासतो. तेव्हा १७० या आकड्यामागची पहिली अट अशी : तेल स्वच्छ हवे आणि त्याचा दाब कायम हवा.

इंजिनाचा ठोकळा बिडाचा आहे. बीड हा शब्द बेळगाव-कोल्हापूरच्या ओतशाळांत रोजच्या वापरातला, त्यामुळे येथे ‘ओतीव लोखंड’ असे लांबण लावण्याचे कारण नाही. ॲल्युमिनियमपेक्षा बीड जड, पण लवकर तापते, आणि थंड इंजिन लवकर तापले की इंधन वाचते. हेड मात्र ॲल्युमिनियमचे आहे आणि धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड त्या हेडमध्येच ओतलेला आहे. त्यामुळे वजन कमी होते आणि टर्बोकडे जाणारा वायू थोडा निवतो. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी : एरवी हेडच्या बाहेर राहणारी उष्णता आता हेडच्या आत येते आणि ती वाहून नेण्याचा सारा भार कूलंटवर पडतो.

तिसरा निर्णय टायमिंग बेल्टचा. दट्ट्यांची हालचाल आणि झडपांची उघडझाप यांचा मेळ घालणारा हा दातेरी पट्टा बहुतेक इंजिनांत कोरडा असतो. येथे तो इंजिनाच्या आत, तेलात भिजलेला फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी. तेलपंप फिरवणारा छोटा पट्टाही असाच तेलात आहे. युरोपात कंपनीने टायमिंग बेल्ट बदलण्याची मुदत १० वर्षे किंवा सुमारे २,४०,००० किलोमीटर अशी दिली होती.

२. बिघाड

आता याच तीन निर्णयांच्या मागे मागे जाऊ.

कूलंटची गळती. सुरुवातीच्या काही गाड्यांत कूलंटच्या टाकीकडे जाणारी एक प्लास्टिकची नळी उष्णतेने तडकत असे. नळी किमतीने क्षुल्लक, पण ती फुटली की कूलंट थोड्या वेळात निघून जाते. तापमान मोजणारा संवेदक कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. तो उघडा पडला की काटा फसवा ठरू शकतो. चालकाला सूचना मिळेपर्यंत ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते किंवा त्याला चीर जाते. ‘हेड गेले’ या वाक्याचा आरंभ असा एका नळीपाशी असतो.

पट्ट्याचा भुगा. तेलात राहणारा पट्टा तेलाच्या प्रकृतीवर जगतो. चुकीच्या प्रकारचे तेल घातले, तेल बदलायला उशीर केला, किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालवली, तर अडचण सुरू होते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि पट्ट्याचे रबर मऊ करते. पट्ट्याचे कण सुटू लागतात. ते तेलाच्या तळाशी जाऊन पंपाच्या तोंडाची जाळी बुजवतात. तेलाचा दाब पडतो. सर्वांत वेगाने फिरणाऱ्या टर्बोला त्याचा फटका बसतो, बेअरिंगे घासतात आणि अखेर इंजिन जाम होते. पट्टा न तुटताही हे सारे घडू शकते. तेलपंपाच्या पट्ट्याचे दात झडले किंवा त्याला ताण देणारा भाग मोडला, तर हाच परिणाम फार झटपट होतो. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत २०१६ ते २०१८ च्या फोकस आणि २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. इंजिन चालत्या गाडीत बंद पडले की ब्रेकला मिळणारी यांत्रिक मदतही संपते. म्हणून ही बाब केवळ खर्चाची राहत नाही, जिवाची होते.

हा दोष एकाच कंपनीचा नाही. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेक टर्बो इंजिनातही तेलातला पट्टा होता आणि तेथेही जाळी बुजण्याच्या तक्रारी आल्या. पुढे दोन्ही कंपन्यांनी नव्या आवृत्त्यांत झडपांसाठी साखळी घेतली. निर्मात्यांनी स्वतःच दिलेले हे उत्तर पुरेसे बोलके आहे.

थेट इंधनाचे दोन परिणाम. जुन्या पद्धतीत पेट्रोल हवेच्या झडपांवरून जात असे आणि त्या आपोआप धुतल्या जात. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडल्यावर झडपा धुतल्या जात नाहीत. तेलाच्या वाफांचा काळा थर त्यांवर साचत जातो. दुसरा परिणाम अधिक घातक. इंजिन कमी वेगात असताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर सिलिंडरमधल्या तेल-इंधनाच्या थेंबांमुळे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकते. अशा अवेळी पेटण्याने दट्ट्याचा काठ फुटतो. हे टाळण्यासाठी तेलाच्या मानकांतही बदल झाले : २०१८ मध्ये आलेल्या ‘एपीआय एसएन प्लस’ आणि २०२० मधल्या ‘एसपी’ या प्रतींत या दोषाविरुद्धची चाचणी समाविष्ट आहे. मराठी घाटरस्त्यांवरच्या चालकाने यातून एवढे घ्यावे : चढावर इंजिन कुंथू लागले की पाय दाबण्याआधी गिअर खाली आणावा.

३. भाषेची बाजू

‘हेड गेले’, ‘इंजिन सीज झाले’ ही वाक्ये चुकीची नाहीत. गॅरेजमध्ये ती पुरेशी असतात. पण त्यांत शेवटी बळी कोण पडला एवढेच कळते. सुरुवात कोठे झाली ते कळत नाही. लेखनात हीच वाक्ये जशीच्या तशी आली तर वाचक हेड दुरुस्त करून घेईल आणि जुनी नळी तशीच ठेवील. म्हणून बिघाड लिहिताना क्रियापदांची साखळी पुरी लिहावी : नळी तडकते, कूलंट गळते, हेड तापते, वाकते. ‘पट्टा खराब होतो’ असे लिहिण्यापेक्षा ‘पट्ट्याचे कण सुटतात आणि जाळी बुजते’ असे लिहिले, तर काय तपासायचे ते वाक्यच सांगते.

शब्दांच्या बाबतीतही तारतम्य हवे. दट्ट्या, झडप, बीड, वंगण हे शब्द अंगवळणी पडलेले आहेत, ते वापरावेत. टर्बो, गिअर, कूलंट, गास्केट हे शब्द मेस्त्रीच्या तोंडी आहेत. त्यांना ओढूनताणून पर्याय शोधू नयेत. शब्द देशी की परका यापेक्षा, तो वाचून मालक आणि मेस्त्री यांना एकच वस्तू दिसते का, ही कसोटी महत्त्वाची.

४. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटारनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. इकोबूस्टच्या गाड्या आता हस्ते-परहस्ते फिरत आहेत आणि तपशीलपत्रकातल्या अटी नव्या मालकापर्यंत पोहोचतातच असे नाही. अशी गाडी पाहताना चार गोष्टी विचाराव्यात. तेल कंपनीने सांगितलेल्या मानकाचे, ५डब्ल्यू-२० प्रतीचे होते का, आणि दरवेळी वेळेवर बदलले का? पट्टे बदलल्याची पावती आहे का? कूलंटची पातळी न सांगता कमी होते का? गाडी रोज किती अंतर धावत होती? किलोमीटर कमी म्हणजे इंजिन चांगले, हा समज येथे लागू पडत नाही. कमी चाललेली, पण नेहमी थंड इंजिनावर चाललेली दहा वर्षांची गाडी अधिक संशयाची.

स्वाध्याय

१. व्यास आणि पल्ला यांवरून तीन सिलिंडरांची घनक्षमता काढा व दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा.
२. परिचयाच्या कोणत्याही यंत्राचे तपशीलपत्रक घ्या. त्यातल्या तीन आकड्यांसमोर त्यांच्या तीन अटी लिहा.
३. ‘टर्बो गेला’ हे वाक्य कारणापासून परिणामापर्यंत चार क्रियापदांत लिहा. ते जवळच्या मेस्त्रीला वाचून दाखवा आणि त्याने सुचवलेली दुरुस्ती शेजारी नोंदवा.