फुलांचा चित्रकार आरा

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे गाव बालाघाटाच्या डोंगराळ मुलखात वसलेले आहे. जवळच्या डोंगरावर येडेश्वरी देवीचे मंदिर आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस तेथे दूरदूरच्या गावांहून लोकांची रीघ लागते. वाटेवर हळदकुंकवाची, नारळांची आणि फुलांची दुकाने मांडलेली असतात. झेंडूचे पिवळे ढीग, शेवंतीच्या वेण्या, मोगऱ्याचे गजरे यांनी परडी भरून भाविक डोंगर चढतात. देवीची पालखी आमराईकडे निघाली, म्हणजे हजारो हात रानातील चुनखडीचे खडे वेचू लागतात. एरवी पायाखाली तुडवला जाणारा तो पांढरा खडा त्या दिवशी मोलाचा होतो. खड्यात काहीच बदल झालेला नसतो. वेचणाऱ्याच्या मनातील भाव मात्र त्या खड्याला लाभलेला असतो.

फुलांचेही असेच आहे. दसऱ्याच्या दिवशी दारावरच्या तोरणात झेंडू आनंदाने डोलतो, लग्नमंडपात तो शोभेला येतो, आणि घरातील वडीलधारे माणूस गेले, म्हणजे त्याच झेंडूचा हार शेवटच्या निरोपासाठी आणावा लागतो. फूल एकच, परंतु त्यातून बोलणारी भावना निरनिराळी. शब्द अपुरे पडतात तेथे माणूस फूल पुढे करतो, ही चाल फार जुनी आहे. या मुक्या फुलांच्या भाषेचा उपयोग ज्या चित्रकारांनी केला, त्यांत मुंबईचे कृष्णाजी हौलाजी आरा यांचे नाव आदराने घेतले जाते.

आरा यांचा जन्म १९१४ साली सिकंदराबादजवळील बोलारम येथे झाला. हे ठाणे त्या काळी हैदराबाद संस्थानच्या मुलखात होते, आणि येरमाळा ज्या जिल्ह्यात आहे, तो जिल्हाही तेव्हा त्याच संस्थानात मोडत असे. त्यांचे वडील मोटार चालविण्याची नोकरी करीत. आरा तीन वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. वयाच्या सातव्या वर्षी या मुलाने घर सोडले आणि थेट मुंबई गाठली. ज्या वयात मुले आईचे बोट धरून शाळेत जातात, त्या वयात त्याला पोटासाठी मोटारी धुवाव्या आणि पुसाव्या लागल्या. पुढे एका इंग्रज कुटुंबात त्याला घरकामाची चाकरी मिळाली.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. तेव्हा आरा सोळा वर्षांचे होते. हातावर पोट असलेल्या मुलाला चळवळीत उडी घेणे परवडण्यासारखे नव्हते. तरीही ते सत्याग्रहात सामील झाले आणि त्यांना पाच महिन्यांचा तुरुंगवास घडला. सुटून आल्यावर त्यांनी एका जपानी कंपनीत पुन्हा मोटारी धुण्याचे काम धरले. दिवसभर अंग मोडून काम करावे आणि सवड मिळेल तेव्हा कागद आणि रंग घेऊन बसावे, असा त्यांचा क्रम असे.

त्यांची चित्रे एके दिवशी रुडी फॉन लायडन यांच्या नजरेस पडली. हे गृहस्थ 'टाइम्स ऑफ इंडिया' या वृत्तपत्रात चित्रकलेविषयी लिहीत असत. मोटारी पुसणाऱ्या या तरुणाच्या हातात खरी कला आहे, हे त्यांनी ओळखले. लायडन आणि वॉल्टर लँगहॅमर हे दोघेही युरोपातून मुंबईत येऊन राहिलेले रसिक होते. त्यांच्या मार्गदर्शनाने आरा यांनी पूर्ण वेळ चित्रकलेला वाहून घेतले. १९४२ साली त्यांच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन मुंबईत भरले व ते चांगले गाजले. १९४४ मध्ये त्यांना गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी मुंबईत काही तरुण कलावंतांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' हा गट स्थापन केला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाक्रे यांच्या जोडीने आरा हेही या गटाचे एक संस्थापक होते. जुने साचे बाजूस सारून आपल्या मनाला भावेल ते, भावेल त्या रीतीने रंगवावे, हा या तरुणांचा आग्रह होता.

आरा यांनी अनेक विषयांवर चित्रे काढली. परंतु रसिकांच्या स्मरणात विशेष राहिली ती त्यांची स्थिरचित्रे. भांडी, सुरया, फळे आणि फुलदाणीतील फुले अशा हलत नसलेल्या वस्तूंच्या चित्राला स्थिरचित्र म्हणतात. येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. आईचे छत्र हरपलेल्या, दारिद्र्यात वाढलेल्या आणि तुरुंग पाहिलेल्या माणसाने फुले का रंगवावी? त्याने उपासमारीची, कष्टकऱ्यांची, लढ्याचीच चित्रे काढावीत, असे कोणासही वाटेल. भुकेल्याने भाकरीचेच गाणे गावे, असा जणू जगाचा हुकूमच असतो!

या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रांकडे पाहिले असता सापडू लागते. फुलदाणी मेजावर ठेवलेली आहे. तिच्यात फुले दाटीवाटीने खोचलेली आहेत. ती पाकळी न् पाकळी मोजून काढलेली नाहीत. कुंचल्याच्या एकेका जोरकस फटकाऱ्याने एकेक फूल उमललेले आहे. आरा पुष्कळदा जलरंगच वापरीत; पण ते पाण्यासारखे पातळ न ठेवता इतके दाट लावीत, की पाहणाऱ्यास तैलरंगांचा भास व्हावा. अशा चित्रातील फुले नाजूक, लाजरी वाटत नाहीत. ती भरदार आणि जिवंत वाटतात. सुंदर वस्तूंवर केवळ श्रीमंतांचा हक्क नाही. ज्याच्या वाट्याला घर आले नाही, त्याच्याही मनात मेजावरच्या फुलदाणीला जागा असते, हे ती चित्रे न बोलता सांगतात. कष्टाने राठ झालेल्या हातांनी ती काढलेली आहेत, हे ठाऊक झाल्यावर त्यांचे मोल अधिकच वाढते.

फुलांतून भावना प्रकट करणारे चित्रकार इतर देशांतही होऊन गेले. हॉलंडचा व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. १८८८ साली तो फ्रान्सच्या दक्षिणेकडील आर्ल या गावी एका पिवळ्या घरात राहत होता. पॉल गोगँ हा चित्रकार मित्र तेथे राहावयास येणार होता. त्याच्या खोलीच्या भिंती सजविण्यासाठी व्हिन्सेंटने ऑगस्ट महिन्यात सूर्यफुलांची चित्रे रंगविण्याचा सपाटा लावला. त्यांत पिवळी भिंत, पिवळी फुलदाणी आणि पिवळीच फुले असेही एक चित्र आहे. त्या फुलदाणीत काही फुले टवटवीत आहेत, काहींच्या पाकळ्या गळाल्या आहेत, तर काही माना टाकून बसली आहेत. मित्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या एकाकी माणसाची सारी ऊब त्या पिवळ्या रंगात उतरली आहे. पुढे दोघांचे पटले नाही आणि गोगँ निघून गेला. चित्रे मात्र राहिली. १८९० च्या जानेवारीअखेर व्हिन्सेंटच्या धाकट्या भावास, थिओस, मुलगा झाला आणि त्याने मुलाला काकाचेच नाव दिले. व्हिन्सेंट तेव्हा मनाच्या आजाराने रुग्णालयात होता. तशा स्थितीतही त्याने त्या बाळासाठी निळ्या आभाळावर बहरलेल्या बदामाच्या फांद्या रंगविल्या. बदामाला तिकडे वसंताच्या अगदी आरंभी फुले येतात. नव्या जिवाच्या स्वागताला याहून योग्य फूल कोणते असणार?

जपानमधील यायोई कुसामा यांची कथा निराळी आहे. त्यांचा जन्म १९२९ साली मात्सुमोतो या गावी झाला. घरी रोपे आणि बियाणे तयार करण्याचा व्यवसाय होता. त्यामुळे त्यांचे बालपण फुलांच्या शेतातच गेले. लहानपणी त्यांना विचित्र भास होत. भोवतालची फुले आपल्याशी बोलत आहेत, एकच नक्षी भिंतींवर, छतावर आणि आपल्या अंगावरही पसरत चालली आहे, असे त्यांना वाटे. ही मुलगी घाबरून जाई आणि घरी येऊन जे दिसले ते कागदावर काढू लागे. भीती कागदावर उतरली, म्हणजे मनावरचा भार हलका होई. पुढे त्या जगप्रसिद्ध झाल्या. १९७७ पासून त्यांनी स्वतःच्या इच्छेने टोकियोतील एका रुग्णालयात राहणे पत्करले आणि जवळच्याच चित्रशाळेत आपले काम चालू ठेवले. ठिपक्याठिपक्यांची, भडक रंगांची त्यांची फुले पाहून मुले हसतात. परंतु त्या ठिपक्यांमागे भयाशी केलेली झुंज आहे.

आरा, व्हॅन गॉग आणि कुसामा हे तिघे तीन देशांतले. एकाच्या फुलांत जगण्याची उमेद, दुसऱ्याच्या फुलांत मैत्रीची आणि मायेची ओढ, तिसरीच्या फुलांत भीतीवरील मात. ही किमया चित्रकार कशाच्या बळावर साधतो? त्याच्यापाशी शब्द नसतात. रंग, रेषा आणि जागा ही तीनच साधने असतात.

पहिले साधन रंग. फाल्गुनात माळावरचा पळस पेटल्यासारखा फुलतो. त्याच्या केशरी रंगाने डोळे दिपतात आणि मन चेतते. तोच पळस राखाडी रंगात काढला, तर चित्र उदास होईल. पिवळा, केशरी, तांबडा हे रंग बहुधा ऊब देतात. निळा, जांभळा, राखाडी हे शांत किंवा खिन्न वाटतात. परंतु हा काही पाढ्यासारखा ठाम नियम नव्हे. शेजारी कोणता रंग आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. निळ्या भूमीवर पांढरे फूल उजळते आणि पांढऱ्यावर तेच हरवते.

दुसरे साधन रेषा. ताठ देठ अभिमान दाखवितो. वाकलेला देठ थकवा दाखवितो. सावकाश काढलेली मऊ रेषा आणि झपाट्याने मारलेला फटकारा यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच कुजबुज आणि आरोळी यांत असते.

तिसरे साधन जागा. मोठ्या कोऱ्या कागदाच्या एका कोपऱ्यात एकच जास्वंद काढली, तर ती एकटी पडलेली दिसते. तीच जास्वंद सारा कागद व्यापून राहिली, तर ती गर्जना करीत असल्यासारखी वाटते. फूल तेच, जागेने अर्थ पालटला.

शाळेतील चित्रकलेच्या तासाला बहुतेक मुले एकच फूल काढतात. मध्ये एक वर्तुळ, भोवती पाच सारख्या पाकळ्या, खाली एक हिरवी काडी आणि दोन्ही बाजूंस एकेक पान. असे फूल कोणत्याच झाडावर उमलत नाही. ते एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत आलेले असते. हुबेहूब काढता येत नाही, म्हणून अनेक मुले 'मला चित्र येत नाही' असे म्हणून कुंचला खाली ठेवतात. त्यांनी आरा यांची आठवण ठेवावी. कोणत्याही नामांकित कलाशाळेच्या पदवीच्या बळावर ते चित्रकार झाले नाहीत. त्यांनी डोळे उघडे ठेवून वस्तूंकडे पाहिले, मनास काय वाटते ते ओळखले आणि हाताला सतत काम दिले. हुबेहूबपणा सरावाने येतो. परंतु सराव कितीही केला, तरी जे मनात नाही, ते कागदावर येत नाही.

१९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने आरा यांच्या 'दोन सुरया' या चित्राला सुवर्णपदक दिले. ज्या शहरात मोटारी पुसून त्यांनी दिवस काढले होते, त्याच शहराने त्यांचा हा गौरव केला. मान मिळाला तरी आपले पहिले दिवस ते विसरले नाहीत. धडपडणाऱ्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी ते उभे राहत. कारण वेळेवर मिळालेल्या एका शाबासकीने आयुष्य कसे पालटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९८५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

बागेतील फूल संध्याकाळपर्यंत कोमेजते आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. आरा यांच्या मेजावरची ती खरी फुलेही केव्हाच मातीला मिळाली. त्यांच्याकडे पाहताना एका माणसाच्या मनात जे उमलले, ते मात्र कागदावर आजही ताजे आहे.

स्वाध्याय

१. चुनखडीचा खडा आणि झेंडूचे फूल यांच्या उदाहरणांतून कोणता विचार मांडला आहे?
२. आरा यांना लहानपणी कोणकोणते कष्ट सोसावे लागले?
३. 'भुकेल्याने भाकरीचेच गाणे गावे, असा जणू जगाचा हुकूमच असतो,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा. हा हुकूम आरा यांनी मानला का?
४. व्हॅन गॉगने सूर्यफुले आणि बदामाची फुले कोणाकोणासाठी रंगविली?
५. आपल्या परिसरातील एक फूल निवडा. ते एकदा आनंद दाखविण्यासाठी व एकदा दुःख दाखविण्यासाठी काढा. दोन्ही चित्रांत रंग, रेषा व जागा यांत काय बदल केला, ते पाच वाक्यांत लिहा.