उज्जैनात खारे मत्स्यालय: आधी गोड्या पाण्याचे बघा

प्रश्न : मुलीला क्लाउनफिश पाळायचे आहेत. शंभर लिटरची काचेची टाकी घरात रिकामीच पडली आहे. पण उज्जैनात समुद्राचे पाणी आणायचे कुठून? घरचे मीठ टाकून भागेल का?
— एक वाचक, फ्रीगंज, उज्जैन

उत्तर : समुद्राचे पाणी आणायच्या भानगडीत पडूच नका. तुम्हाला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचे आखात. सरळ रेषेत मोजले तरी तीनशे किलोमीटरांहून लांब, आणि नद्यांच्या गाळाने तिथले पाणी कायम गढूळ. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हला समुद्राशेजारी उभे राहिले. ती सोय माळव्यात नाही, म्हणून पाणी घरीच तयार करायचे.

घरचे मीठ मात्र चालणार नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम, ४०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, जवळपास तितकेच पोटॅशियम असते. हे सगळे प्रमाणात असलेले सागरी मीठ मत्स्यालयाच्या दुकानांतून मिळते. शंभर लिटरला साधारण साडेतीन किलो लागेल. ते बादलीत किंवा पिंपात विरघळवा, छोटा पंप लावून दिवसभर फिरू द्या, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले की मगच टाकीत ओता. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. स्वस्त काटेवाला हायड्रोमीटर बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतो.

पण उज्जैनात खरा प्रश्न मिठाचा नाही, ज्यात ते विरघळवायचे त्या पाण्याचा आहे. बोअरचे पाणी कठीण असते, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. तुमच्या गावाला हे वेगळे सांगायला नको. शिवलिंगाची झीज होते म्हणून महाकालेश्वराच्या जलाभिषेकाला आरओचे पाणी, तेही माणशी अर्धा लिटरच, ही व्यवस्था २०१७ साली थेट सर्वोच्च न्यायालयात मान्य झाली. टाकीलाही आरओचेच पाणी हवे. मात्र स्वयंपाकघरातल्या यंत्रावर डोळे मिटून विसंबू नका. पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक यंत्रे थोडे मूळ पाणी परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस शंभराच्या घरात राहतो. आपल्याला तो शून्याजवळ हवा, म्हणून शेवटी डीआय रेझिनची नळी जोडून घ्या. हल्ली ‘तांबेयुक्त’ पाणी देणारी यंत्रेही निघाली आहेत. ते पाणी टाकीला अजिबात नको. तांब्याचा अंशही कोळंबी आणि गोगलगायींना विषासारखा भिनतो. त्याच कारणाने तांब्याची कळशी या कामापासून लांब ठेवा, आजीने कितीही आग्रह केला तरी.

दुसरा शत्रू मे महिना. टाकीचे तापमान २४ ते २७ अंश असावे, आणि तुमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मुरतो. खाऱ्या पाण्यात तर तो मुळातच गोड्यापेक्षा कमी असतो. कोरड्या हवेत पृष्ठभागावर पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंश उतरते. तेच पावसाळ्यात दमट हवेमुळे फारसे साधत नाही. पंख्याने पाणी भराभर उडते, मीठ मात्र मागेच राहते. म्हणून रोजची घट साध्या आरओच्या पाण्याने भरायची. इथे खारे पाणी ओतले तर टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होत जाते, आणि नवशिक्यांच्या टाक्या बहुधा इथेच बिघडतात. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप घरात असू द्या. हिवाळ्याच्या रात्रींसाठी शंभर वॅटचा हीटर पुरे.

टाकी भरली की लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडांवर वसले पाहिजेत. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना खाद्य म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर द्या, शंभर लिटरला अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त. कल्हईवाल्याकडचा नको, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. पुढे आठवड्याला दहा लिटर पाणी बदलत राहा.

मासे दोनच, तेही पैदाशीचे. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रात क्लाउनफिशची पैदास कधीच जमली आहे, त्यामुळे प्रवाळातून पकडून आणलेले मासे घ्यायचे कारण उरत नाही. लहान जोडी घ्या. त्यांतला मोठा होईल तो मादी बनतो, दुसरा नर राहतो. मुलीला हे पाहायला आवडेल. समुद्रफुलाचा हट्ट तिने धरला तर नाही म्हणा: ते जगवणे कठीण, आणि टाकीतल्या क्लाउनफिशला त्याची गरजही नसते. निळा टँग मासाही नको, त्याला चौपट मोठी टाकी लागते.

दगड कोरडे किंवा चिनीमातीचे वापरा. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. दुकानदार ‘सगळेच ठेवतात’ म्हणाला तरी हात लावू नका.

आणि घाई नसेल तर टाकी गणपतीच्या सुमारास भरा. दसऱ्याच्या पुढेमागे मासे येतील, आणि पहिल्या उन्हाळ्याआधी पंखा, हीटर, पाणी यांचा हिशेब बसवायला तुम्हाला चार-पाच महिने मिळतील.