ड्रोनने डिलिव्हरी: डोंबिवलीत परवडेल का?

"ड्रोन घेऊन डिलिव्हरीचा धंदा टाकू का?" असं बरेच जण विचारतात. पैसे घालण्याआधी हिशोब करू.

डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावात कोविड लसीचे 300 डोस ड्रोनने पोचले. रस्त्याने 40 मिनिटं लागतात, ड्रोनला 9 लागली. माल हलका, गरज तातडीची, रस्ता लांबचा. म्हणून तिथे ड्रोनचा उपयोग झाला.

आता आपलं बघा. फडके रोडवरून पश्चिमेला पार्सल द्यायचंय. वेळ कुठे जातो? कोपर पुलावर, सोसायटीच्या गेटवर आणि "कुठली विंग?" या फोनवर. ड्रोन फक्त पूल वाचवेल. गच्चीला कुलूप, खाली वायरी. तो उतरणार कुठे? चौथ्या मजल्यावर बेल कोण वाजवणार? शिवाय ड्रोन नियम 2021 प्रमाणे नोंदणी, पायलटचं प्रमाणपत्र आणि नजरेआड उडवायला वेगळी परवानगी लागते.

गृहपाठ: आठवडाभर प्रत्येक डिलिव्हरीचे दोन आकडे लिहा. रस्त्यावरची मिनिटं आणि गेटपासून दारापर्यंतची मिनिटं. दुसरा आकडा मोठा निघाला, तर ऑर्डर घेतानाच विंग, मजला, वेळ विचारा आणि पश्चिमेच्या ऑर्डरी एकाच फेरीत काढा. याला एक रुपयाही लागत नाही.