सांडलेले तेल आणि तापलेले इंजिन

वाहनाचे बॉनेट उघडल्यावर दिसणारा तेलाचा काळा थर ही आपल्याकडे केवळ अस्वच्छतेची बाब मानली जाते. वस्तुतः तो प्रथम आगीचा आणि त्यानंतर आरोग्याचा प्रश्न आहे. आमच्या वसतिगृहाच्या जीपने हा पाठ आम्हांस पावसाळ्यातील एका सकाळी दिला. आदल्या संध्याकाळी इंजिनात तेल भरले गेले, परंतु टोपण नीट आवळले गेले नाही. चार विद्यार्थ्यांना परीक्षेस नेत असताना घाटाच्या चढावर बॉनेटमधून निळसर धूर येऊ लागला. मुलांना उतरवून दूर उभे केले, मागून आलेल्या एस.टी.त बसविले, सुदैवाने ज्वाळा उठली नाही. जीप ओढून आवारात आणल्यावर मात्र एक सद्गृहस्थ बाटलीभर पेट्रोल व चिंधी घेऊन पुढे सरसावले. मोटार मिस्त्री असलेल्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने ती बाटली त्यांच्या हातून काढून घेतली. घाटातल्यापेक्षा मोठा धोका त्या बाटलीत होता, हे आम्हांस त्याने समजाविल्यावर कळले.

इंजिनाच्या तेलाची वाफ पेट घेण्याजोगी होण्यास साधारणतः २०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते.  परंतु चढावर ओझे ओढणाऱ्या इंजिनाचा धूर वाहून नेणारा लोखंडी भाग, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, याच्या कितीतरी पुढे तापतो. पेट्रोलची गोष्ट निराळी. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेटू शकते. ती हवेहून जड असल्यामुळे कोनाकोपऱ्यांत साचून राहते आणि बॅटरीच्या तारेची एक ठिणगी तिला पुरते. म्हणून पेट्रोलने इंजिन पुसणे ही काटकसर नव्हे, अविचार आहे.

साफसफाईचा क्रम असा. गाडी सपाट व मोकळ्या जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, किल्ली काढून घ्यावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. घाई असली तरी किमान तासभर. मग बॅटरीची वजा खुणेची तार प्रथम सोडवावी. अधिक खुणेची तार आधी सोडविताना पान्हा गाडीच्या पत्र्यास टेकला, तर मोठी ठिणगी उडते. यानंतर तेल आले कोठून, हे शोधावे. टोपण सैल आहे, तेल खुणेपेक्षा जास्त भरले आहे, की गॅस्केट फाटले आहे? कारण न शोधता केलेली सफाई आठवडाभरही टिकत नाही.

साचलेले तेल कोरड्या सुती चिंध्यांनी टिपून घ्यावे, घासू नये. घासल्याने ते पसरते. खोल फटींत जुन्या वर्तमानपत्राची सुरळी घालावी. लाकडाचा भुसा जमिनीवरील तेलासाठी उत्तम. इंजिनावर मात्र तो टाकू नये, कारण तेथे तोच इंधन होतो. मग अल्टरनेटर, फ्यूजची पेटी आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकने झाकून, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण कालवून ब्रशने धुवावे व ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. जोराच्या पाण्याचा फवारा टाळावा. फॅनबेल्ट तेलाने भिजला असेल तर साबणाने पुसावा. फुगला असल्यास बदलावा. शेवटी सर्व वाळल्यावर प्लास्टिक न विसरता काढावे, तार जोडावी, बॉनेट उघडे ठेवून काही मिनिटे इंजिन चालू ठेवावे आणि पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवून पाहत राहावे. किंचित धूर निघून विरतो. वाढत गेला तर इंजिन बंद करावे. तेलाच्या आगीवर पाणी ओतू नये.

येथे इतिहासाच्या शिक्षकास एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काजळीत काम करणाऱ्या इंग्लंडमधील धुराडे-सफाई कामगारांना होणाऱ्या कर्करोगाची नोंद पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये केली. पुढे लँकेशायरच्या कापड गिरण्यांत सूतकताई यंत्रांवर वाकून काम करणाऱ्यांच्या विजारी वंगणाच्या तेलाने भिजत आणि तसाच रोग त्यांनाही जडे. १९२६ मध्ये त्याची सरकारी चौकशी झाली. आपले अनेक माजी विद्यार्थी चालक आहेत, कित्येकांची गॅरेजे आहेत. तेलाने काळे झालेले हात हे त्यांच्या कष्टाचे भूषण, असे आम्हीही पूर्वी भाषणांत म्हणत असू. आता म्हणत नाही. वापरलेले तेल त्वचेस घातक आहे. हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत (रॉकेलने नव्हे), तेलकट चिंधी खिशात ठेवू नये आणि भिजलेले कपडे अंगावर वाळवू नयेत.

तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. टिपलेले तेल गटारात, विहिरीजवळ वा शेताच्या बांधावर ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. आमचा डबा जीपच्या शेडमध्ये, स्वयंपाकघरापासून दूर ठेवलेला असतो. तो भरला की तोच माजी विद्यार्थी येऊन घेऊन जातो, आणि जाताना टोपण हाताने आवळून पाहतो.