दृष्टिहीनांची योगसाधना

एका पायावर उभे राहावे, दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला टेकवावा, जोडलेले हात डोक्यावर न्यावेत आणि मग डोळे मिटावेत. वृक्षासनाचा हा प्रयोग भिंतीजवळच करावा हे बरे. कारण क्षणापूर्वी खांबासारखा स्थिर उभा असलेला मनुष्य डोळे मिटताच डुलू लागतो आणि उचललेला पाय लवकरच जमिनीवर येतो. शरीराचा तोल राखण्याच्या कामी डोळ्यांचा वाटा किती मोठा असतो, हे तेव्हा ध्यानात येते.

परंतु हे काम एकट्या डोळ्यांचे नव्हे. प्रत्येक कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की नलिका त्याबरोबर वळते, आतला द्रव मात्र किंचित मागे रेंगाळतो. त्यावरून मेंदूला हालचालीची वर्दी मिळते. तिसरे साधन म्हणजे तळपायांची त्वचा, स्नायू आणि सांधे. काळोखातही मनुष्याचे बोट नेमके नाकाच्या शेंड्यावर जाते, ते या तिसऱ्या साधनाच्या बळावर.

ज्याची दृष्टी गेली, त्याचा सारा भार या दोन साधनांवर पडतो. ती आपोआप तीक्ष्ण होतात, असा एक गोड समज लोकांत आहे. पण सवय आणि शिक्षण यांवाचून तसे घडत नाही. उलट, अंध मूल धडपडेल या भीतीने घरची माणसे त्याला धावू देत नाहीत, झाडावर चढू देत नाहीत, त्याचा हात सोडीत नाहीत. हे सारे मायेपोटीच होते. तरी त्या मायेने मुलाची मान पुढे झुकते, खांदे आखडतात आणि पावले जमीन घाशीत चालू लागतात. दृष्टी नसणे ही एक अडचण; हालचालीवाचून वाढणे ही दुसरी. यांपैकी दुसरी टाळता येण्याजोगी आहे, आणि तेथेच योगासनांचा उपयोग होतो.

योगाभ्यासाने गेलेली दृष्टी परत येत नाही. कोणी तसे सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. पतंजलींनी आसनाची लक्षणे सांगितली ती दोनच : स्थैर्य आणि सुख. त्यांत डोळ्यांची गरज कोठेच नाही.

मात्र शिकविणाऱ्याची कसोटी लागते. समोर उभे राहून “असे करा, माझ्याकडे पाहा” एवढे म्हणून डोळस वर्गाचे भागते. येथे ‘असे’ हा शब्दच निरुपयोगी. “उजवा पाय एक हात मागे न्या, टाच जमिनीला टेकवा, गुडघा ताठ ठेवा” अशा नेमक्या शब्दांत सांगावे लागते. चटईच्या कडेखाली जाड दोरी चिकटवली म्हणजे पायांना आपली जागा चाचपता येते. शिक्षकाने एकाच ठिकाणी उभे राहून बोलावे. आवाज फिरू लागला की विद्यार्थ्याची दिशाही फिरते. कोणाचा हात वा पाय नीट करावयाचा असेल, तर आधी तसे सांगून त्याची अनुमती घ्यावी. अंगावर अकस्मात पडलेल्या हाताने कोणीही दचकतो. येणारा हात ज्याला दिसत नाही, तो तर अधिकच.

आसनांच्या नावांचीही मोठी मौज आहे. वृक्ष, भुजंग, मत्स्य, शलभ ही सारी चित्रेच होत. जन्मांध मुलाने नागाची उभारलेली फणा कधी पाहिलेली नसते, आणि ती हाताळून पाहा असेही कोणी त्याला सांगणार नाही! अशा वेळी मातीचा नाग करून त्याच्या हाती द्यावा. फणेचा उंचवटा बोटांना कळला की पाठीचा बाक कसा यावयाचा, तेही कळते. वृक्षाची गोष्ट सोपी. खोडाला मिठी मारावी, मुळे पायांनी चाचपावीत, की वृक्षासनाचा निम्मा पाठ झाला.

योगक्रियांची शास्त्रीय पारख करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले ते याच हेतूने. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दृष्टी फार मंदावलेल्या प्रौढांना आठ आठवडे अष्टांग पद्धतीची आसने शिकविली. त्यांचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला : तोल सांभाळताना ही माणसे डोळ्यांखेरीज इतर साधनांचा अधिक उपयोग करू लागली होती. पाहणी लहान होती, म्हणून तिच्यावर मोठे दावे उभारता येणार नाहीत. परंतु तिची दिशा आशादायक आहे.

एका गोष्टीची सावधगिरी मात्र अवश्य हवी. काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस दुबळी होते. शीर्षासनात हा दाब सुमारे दुप्पट होतो, असे चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील पाहणीत आढळले; ती २००६ साली प्रसिद्ध झाली. ज्यांची थोडीशी दृष्टी शिल्लक आहे, त्यांना तिचा कणही मोलाचा. अशांनी डोके खाली करण्याची आसने वर्ज्य करावीत आणि नेत्रतज्ज्ञाला विचारूनच अभ्यास आरंभावा. ताडासन, भुजंगासन, मंद श्वसन आणि शवासन यांतही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

वृक्षासनाचा अभ्यास भिंतीपाशी सुरू होतो. पहिल्या दिवसांत दोन्ही तळहात भिंतीवर असतात, मग एकच, मग केवळ बोटांची टोके. तळपाय जमिनीशी ओळख करून घेत असतो, घोट्याचे स्नायू क्षणाक्षणाला तोल सावरीत असतात. अखेर एके दिवशी शेवटचे बोटही भिंतीवरून सुटते. ते सुटल्याचे मुलाला सांगावे लागत नाही. त्याच्या श्वासावरूनच शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाला ते कळते.