काठाकाठाने

अम्माऊसचा पाठ (लूक २४) शिकवताना आपण भाकर मोडण्याच्या प्रसंगाकडे घाईने धावतो. त्याआधीची पायवाट मात्र लांब आहे, आणि प्रभू प्रथम त्या दोघांनाच बोलू देतो. हे आम्हांस रुडकीस कळले.

पत्नी वारल्यापासून आमचे एक मित्र घराबाहेर पडत नसत. त्यांना आग्रहाने आगगाडीत बसवून आम्ही तेथे नेले व गंगेच्या कालव्याच्या काठाने सावकाश चालू लागलो. सोलानीपाशी नवल दिसते : खाली नदी आणि तिच्यावर बांधलेल्या पुलावरून वाहणारा कालवा! १८३७-३८ च्या दुष्काळात असंख्य माणसे अन्नावाचून मेली. पुढे प्रोबी कॉटली यांच्या देखरेखीखाली १८४२ मध्ये खोदकाम सुरू झाले व १८५४ मध्ये पाणी सोडले गेले. या पुलाच्या कामी माती वाहण्यास १८५१ मध्ये येथे वाफेचे इंजिन चालले, मुंबई-ठाणे गाडीच्याही आधी. (शब्बाथशाळेतील मुलांना हे जरूर सांगावे.)

सांत्वनाची वचने आम्ही पाठ करून गेलो होतो. ती तशीच राहिली. मैलभर गेल्यावर मित्रच बोलू लागले, पत्नीचे नाव घेऊन. आमची परतीची गाडी चुकली.