न्हाणीघरातला पंखा हवा कोठे फेकतो?

थंडी सुरू झाली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टरसाहेब, आंघोळ करताना डोकं गरगरतं, मळमळतं." रक्तदाब, साखर ठीक. मी विचारतो, "पाणी कशावर तापवता?" उत्तर येते, "गॅस गिझरवर. पण हवा बाहेर टाकणारा पंखा आहे ना!" पंखा असतो, तो हवा कोठे टाकतो, हे घरात कोणी पाहिलेले नसते.

आपल्या फुलंब्रीतही आता भिंतीला भिंत लागून घरे होतात. न्हाणीघराला खिडकी राहत नाही. मग पंख्याचे तोंड जिन्यात, माळ्यावर नाहीतर पीओपीच्या छतात निघते. नुसती वाफ कोंडली तर ओल येते, बुरशी धरते, दमेकऱ्याचा त्रास वाढतो. गॅस गिझर असेल तर मात्र जिवावर बेतते.

अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकेदुखी, चक्कर. मग शुद्ध हरपते.

पंख्याची तपासणी घरीच करा. गिझर व सिलिंडर आधी बंद करा. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नका.

१) पंखा लावून जाळीपाशी कागदाची पट्टी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे.

२) घराबाहेर जाऊन पंख्याचे तोंड शोधा. तेथे उदबत्ती धरली तर धूर दूर फेकला गेला पाहिजे.

३) तोंड सापडत नसेल तर न्हाणीघरात धूप लावा. त्याचा वास जिन्यात, माळ्यावर वा शेजारच्या खोलीत आला, की समजा, हवा घरातच फिरते आहे.

पंखा नीट असला तरी गॅस गिझर आत नको. दार घट्ट लावले की पंख्याला आत हवा मिळत नाही. गिझरला धुराडे असले तरी त्यातला जळका वायू खोलीत ओढला जाऊ शकतो. गिझर बाहेर मोकळ्यावर बसवा, आत फक्त पाण्याची नळी आणा.

कोणी आत बेशुद्ध पडले तर कांदा हुंगवत बसू नका. दार उघडून रुग्णाला लगेच मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका; या विषबाधेत तो आकडा फसवा असतो. आणि गिझर गॅसचा होता, हे डॉक्टरांना आधी सांगा.